अंब्रोलाउरीच्या कचेरीत

एकतीस वर्षं मी लोकांच्या मुलांची नावं लिहिते आहे.
आधी शाईने, जाडजूड नोंदवहीत;
आता काचेच्या इमारतीत, पडद्यावर.
इथे नाव टाकलं की कोपऱ्यात आकडा उमटतो:
जिल्ह्यात या नावाच्या किती जणी हयात.

नीनो लिहिलं की आकडा फुगतो,
बर्फ वितळल्यावर रिओनी नदी फुगते तसा.
मरियमचंही तेच.
बाकीची नावं लाटेसारखी येतात, ओसरतात.
एकदा कुणा पुढाऱ्याचं नाव उलटं वाचून
मुलींना चिकटवलं गेलं.
पुढे वीज जायची त्या हिवाळ्यांत
तासभर टीव्ही लागायचा,
तेवढ्यात परदेशी मालिकेतली एक रडकी नायिका
एकाच महिन्यात चार घरांत जन्मली.
चौघींची लग्नंही मीच नोंदवली.
तोवर तिघींनी नाव बदललं होतं.

बेझान आला तो ऑक्टोबरात,
द्राक्षतोडणी अर्धी टाकून, बुटांना चिखल.
म्हणाला, लिहा: म्झेकाला.
रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.
आमच्या शेळीचं होतं हे, कुणी म्हणालं.

मी नाव टाकलं.
कोपऱ्यात शून्य.

अर्थ माहीत आहे? मी विचारलं.
असलं विचारणं माझं काम नव्हे.
म्झे म्हणजे सूर्य.
काला म्हणजे बाई, पोर, लेक;
हाक कोण मारतं त्यावर आहे.
आमच्या भाषेत शब्दांना लिंगच नाही,
तरी डोंगरातली माणसं सूर्याला आईच म्हणत आली.
ओठ मिटून सुरू होतं हे नाव
आणि तोंड उघडं ठेवून संपतं.
उतारापलीकडून हाक मारायला बरं.
वर्गात मात्र, रशियन शिकवणाऱ्या बाईंची जीभ
पहिल्या दोन अक्षरांतच अडकायची,
नि सगळी बाकं खिदळायची.

हे तुम्हाला कसं ठाऊक, असं त्याने विचारलं नाही.
स्वतःचंच सांगत राहिला:
वरच्या रस्त्याला, मोडक्या कुंपणाआड
मधमाशांची एक पेटी सापडली.
आत पोळं जिवंत.
झाकणाच्या आतल्या अंगाला
तापल्या लोखंडाने कुणीतरी हे नाव उठवलेलं.
कोण होती, काय माहीत.
बायको तेव्हा सातव्या महिन्यात.
तिने बोटभर मध चाटला
आणि म्हणाली, ठरलं.

पेटी निळी होती का?
असेल कधीतरी, तो म्हणाला.

मग मी नेहमीच्या प्रश्नांकडे वळले.
जन्मवेळ. वजन. आईचं नाव.

तो शून्य माझा होता.
सोळाव्या वर्षी, पहिल्या पासपोर्टच्या वेळी,
जुन्या कचेरीच्या खिडकीशी मी अर्ज भरला:
यापुढे एल्विरा.
एल्विरा तेव्हा जोरात होती.
वडील सहीला आले. गेरोंती, मधवाले.
सही केली, पेन पुसून परत दिलं
आणि टोपी टेबलावरच विसरून बाहेर पडले.
रागावले नाहीत.
पण एल्विरा त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही,
आणि ते दुसरंही नाही.
शेवटपर्यंत नुसतं "अगं".
त्यांच्यामागे मी पेट्या विकल्या.
हिशेबात एक कमी भरली होती.

बेझानला यातलं काही सांगितलं नाही.
प्रमाणपत्र यंत्राने छापलं, शिक्काही यंत्रानेच मारला.
मी एवढंच म्हटलं,
हाक मारताना शेवटचा आकार गिळू नका,
वाऱ्यात तोच पोचतो.

तो गेला. कोपऱ्यात एक.

पुढची बाई खिडकीशी आली. जुळ्या मुली.
एक नीनो, ती म्हणाली.
दुसरीचं काही ठरत नाही,
तुमच्याकडे एखादं आहे का?