बगळ्याची विहीर

ऑगस्टची अखेर. तळ्याकडे जाणारी वाट
आता थेट तळ्यातूनच जाते.
बोल्दिझार बाची पुढे, मी मागे, वही घेऊन.
पायाखाली मिठाची पापडी फुटत राहते,
कुणी अंधारात सूर्यफुलाच्या बिया फोडाव्यात तशी.

पाणी मोजायची पट्टी कोरड्यात उभी.
ऐंशीपासून शून्यापर्यंत सगळे आकडे उघडे,
आणि शून्याच्याही खाली हातभर खांब,
जो मी आजवर पाहिला नव्हता.
बाचींनी खांबाच्या डोक्यावर टोपी अडकवली,
धाप ओसरू दिली.
"हं. सुरू कर, इल्दिको."

इथंच त्यांची घसरगाडी चालायची,
जानेवारीत, बर्फावरून, देवनळाच्या पेंढ्या लादून.
निम्म्या गावाची छपरं त्यांनी कापलेली.
आता एक डोळा उरलाय, तोही धुक्यात.
दुर्बीण गळ्यात असते,
विधुराच्या बोटात अंगठी असते तशी.
मोजतात ते कानानं.
"उचाट्या, अकरा.
शेकाट्या तीन. त्यातला एक यंदाचा,
आवाज फुटायचाय अजून."
मी पडताळते. अकरा. तीन.
तिसऱ्याची पाठ खरंच मळकट, पाय फिके.

उरलंय ते पाणी मधोमध, एका अंगणाएवढं,
दुधात राख कालवल्यासारखं.
भर दुपारी कोल्हा आला. कुणी उडालं नाही.
तो प्यायला, जीभ मोठ्यानं वाजवत,
आणि चार पावलांवर एक तुतारी
चिखलात चोच खुपसत राहिली.
भांडायलाही थोडी ओल लागत असावी.

"चमचे?"
नाहीत.
"लिही शून्य."
शाही चक्रवाक, शून्य.
क्रौंच यायला अजून महिना आहे. तरी शून्य.

पहिल्या वर्षी मी असे रकाने मोकळे सोडले होते.
किती चिडले होते!
"मोकळा रकाना म्हणजे कुणी आलंच नाही बघायला.
शून्य म्हणजे आपण आलो,
उन्हात उभे राहिलो,
आणि ते नव्हते."

मग त्यांनी पश्चिमेकडे बोट केलं.
"राखी बगळा. एक. मान वर काढून उभा."

मी पाहिलं. कुरणाच्या कडेला
जुनी विहीर, तिची ओकती आभाळात तिरकी.
(आमच्या बोलीत तिला बगळ्याची विहीरच म्हणतात,
तेव्हा चूक अगदीच परकी नव्हती.)

पेन्सिल थांबली.
बाची कान लावून होते, पेन्सिलीकडेच.
सबंध दुपारीत कानाऐवजी
डोळ्यानं मोजलेला हा पहिलाच.
लिहिलं मी: राखी बगळा, १.
अक्षर बारीक आलं.

परतताना ऊन कललं होतं.
करड्या गायी शिंगांचा पसारा सांभाळत डोणीशी उभ्या,
डोणीत तळाला शेवाळाचा वाळका पापुद्रा.
बाची विहिरीपाशी थांबले. लाकडावर हात ठेवला,
घोड्याची मान चोळावी तसा फिरवला.
"साठ वर्षं बघतोय याला," म्हणाले,
"एकदाही उडाला नाही."
मग, माझ्याकडे न वळता,
"खोड त्याला. एकाच रेषेनं.
खालचं वाचता आलं पाहिजे."

वही गुडघ्यावर धरून मी रेघ ओढली.
शेजारी शून्य.

"आणि माझी टोपी?"
राहिली होती ती, तिथंच, खांबावर.
दुर्बीण वळवली, तर टोपीवर काहीतरी बसलेलं,
शेपटी हलवणारं, मुठीएवढं.
उन्हाच्या झळांमध्ये रंग ठरेना.
"काय आहे?" त्यांनी विचारलं.
"माहीत नाही."
"मग तसंच लिही."

शेवटच्या ओळीखाली जागा होती थोडी.
लहान पक्षी, १. ओळख पटली नाही.