खाडीचा रकाना

कोकण विभागाचा छापील नमुना
चुकून आमच्या टपालात आला.
'उपनगराचा परिचय. सर्व रकाने भरणे बंधनकारक.'
साहेब म्हणाले, भरून टाका गायधनी,
नवा कोण छापून देणार आपल्याला.
हे नोटा छापणाऱ्या गावात.

नाव: नाशिकरोड.
गावाच्या नावात रस्ता,
आणि रस्त्याच्या नावात जेल.

लोकसंख्या: मागच्या खानेसुमारीची.
तिच्यात आमची धाकटी नाही, ती नंतरची,
आणि दादा आहेत, जे आता नाहीत.
बेरीज तीच राहते म्हणून खाडाखोड केली नाही.

मुख्य व्यवसाय: वर आलाच आहे.
पाळी सुटली की झडती देऊन बाहेर पडलेली माणसं
दिगंबर आडकेच्या टपरीवर थांबतात,
पावशेर शेंगदाणे वहीत मांडून नेतात.
इतर व्यवसाय: द्राक्षांच्या पेट्या ठोकणे,
एकलहऱ्याच्या राखेच्या विटा पाडणे,
कैद्यांनी विणलेल्या सतरंज्या,
स्टेशनाबाहेर त्र्यंबकच्या गिऱ्हाइकासाठी
पहाटे चारपासून घसा फोडणे.

हवामान: चांगले.
देवळालीच्या माळावर तोफांचा सराव असला
की शोकेसमधल्या कपबश्या
आपसात काहीतरी बोलतात. आम्ही विचारत नाही.

रकाना नववा.
खाडी: नाव. रुंदी. भरतीची वेळ.

इथे पेन थांबलं.
आमच्याकडे वालदेवी आहे,
पावसाळ्यात नदी,
एरवी जलपर्णी आणि गोधड्या आपटायचे दगड.
समुद्र घाट उतरून चार तासांवर.
शाळेत पाठ केलं होतं,
समुद्रसपाटीपासून उंची साडेपाचशे मीटरच्या वर,
तेवढंच काय ते नातं, तेही सपाटीशी.

'लागू नाही' लिहिणार,
तोच जन्मदाखल्याच्या खिडकीतून आवाज आला,
भरती कुणाला हवीय?

मंजुळा तांडेल. माहेर अर्नाळ्याचं,
नवरा प्रेसमध्ये बाइंडर होता.
देवळालीगावच्या बाजारात सुके बोंबील विकते,
पावती फाडताना मीच कधीतरी नाक धरलं असेल.
नातवाच्या दाखल्यासाठी तिसरी खेप.

तिथी काय आज?
मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून सांगितलं, अष्टमी.
मग तिथीची पाऊणपट करा ना.
आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती.
पण भांगाचं पाणी हो, फार चढायचं नाही.
उद्या पावणेसात.

तुम्हाला इथे बसून कसं कळतं?
एकतीस वर्षं झाली भाऊ,
अजून जाग पाण्याबरोबर येते.
प्रेसचा भोंगा मेला रोज एकाच वेळेला होतो,
त्याचीच सवय लागली नाही.

एवढं बोलून ती दाखल्याकडे वळली.
नातवाच्या नावात वेलांटी चुकली होती,
पहिली का दुसरी, यावर
शिपायाशी तिचं बराच वेळ चाललं.

मी लिहिलं:
खाडी: आहे, नाव विचारले नाही.
रुंदी: मोजलेली नाही.
भरती: तिथीची पाऊणपट.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला,
लाल रेघ मारली, वर लिहिलं 'निरंक',
आणि गायधनी, तुमची तब्येत बरी आहे ना, म्हणाले.
नमुना चारच्या टपालाने गेला.

दुसऱ्या दिवशी नवमी.
दुधाची पिशवी हातात घेऊन
वालदेवीच्या काठाला उतरलो.
एक जण रिक्षा धूत होता,
रेडिओ चालू, ऐकत कुणीच नव्हतं.
घड्याळ पाहिलं. पावणेसात.

पाणी कालच्याच दगडाशी होतं.
तरी मी चपला
जरा मागे सरकवून ठेवल्या.