सुतावरून

कैसरियाच्या बंदरात दिवे लागले
की थोरले अर्खेलाओस बोलू लागतात
आणि मी उतरवून घेते.
पानावर माझं नाव येत नाही. बोटं माझी, एवढंच.

आज ते त्या बाईवर आले,
कोटाच्या भिंतीत घर असलेल्या;
खिडकीला लाल दोरा बांधला तिनं
आणि शहर पडलं तरी घर उरलं.

"दोरा म्हणजे रक्त," डोळे मिटून म्हणाले,
"खिडकी म्हणजे जखम. घर म्हणजे आपण.
आणि शहर म्हणजे..."
इथे त्यांना खोकला आला.
शहर कोण, ते अर्धंच राहिलं.
बाहेर शहर मासे विकत होतं.

मी लिहिलं. खोटं कशाला बोलू,
अंगावर काटा आला होता.

मथळ्यांची लाल शाई संपलेली.
सकाळी रंगाऱ्यांच्या आळीत गेले, शेलामत्सियोनकडे.
बाप सभास्थानात वाचन करायचा तिचा.
ती किरमिजी किडे वाटत होती,
कोपरापर्यंत लाल.
"वीतभर दोऱ्याला पसाभर जीव जातात," म्हणाली,
"काय लिहिणार यानं?"

सांगितलं.

हसली नाही. रागावलीही नाही.
वरवंटा तेवढा थांबला.
"आणि तो कातला कुणी, ते लिहिलंस?"

मग हात न पुसता
बापाच्या भाषेत तिनं ती ओळ म्हटली,
मुलाला घास भरवावा तशी, सावकाश.
"आमच्यात दोरीला जो शब्द, तोच आशेला.
तुमच्या ग्रीकमध्ये नुसती दोरी गेली.
बिऱ्हाड हलवताना
काहीतरी मागे राहतंच."

मी पैसे मोजले.
एक नाणं तिनं परत केलं, खोटं निघालं.

रात्री स्वच्छ प्रत करायला बसले.
दोरा म्हणजे रक्त.
सुतावरून स्वर्ग गाठला अर्खेलाओसांनी,
आणि सूत
तिच्या दाराशी काठीवर वाळतंय अजून,
खाली थेंब थेंब गळत.

समासात बोटभर जागा होती.
तिचा शब्द मला लिहिता येत नाही,
उजवीकडून सुरू होतो एवढं ठाऊक.
म्हणून उजव्या कडेला एक टिंब ठेवलं. लाल.

थोरले पाहतील तर म्हणतील, शाई सांडली.
शंभर वर्षांनी कुणी पाहील
आणि म्हणेल,
रक्त.