चार नंबरचं मशीन

हडर्सफील्डच्या चढावर, बसथांब्याच्या जरा अलीकडे
ग्लेनिसची लॉन्ड्री.
पाटीवरचं एक अक्षर कधीच गळून पडलंय,
त्याच्या जागी अक्षराच्याच आकाराचा स्वच्छ निळा रंग,
बाकी सगळी पाटी धुरकट.

मी पहिल्यांदा आत शिरले, चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात,
तेव्हा चार नंबरच्या मशीनवर कागद होता:
बंद आहे. माणूस बोलावलाय.

माणूस अजून यायचाय.

शेजारच्या गाळ्यात मात्र किती येऊन गेले.
आधी व्हिडिओ कॅसेटी.
मग ऊन नसताना ऊन लावून देणारे जांभळे दिवे,
डिसेंबरात पोरी गाजरासारख्या होऊन बाहेर पडायच्या.
मग मोबाइलची कव्हरं,
मग वाटीएवढे केक, ताटाएवढ्या किमतीला,
मग भिंतीवर कुऱ्हाड टांगून दाढ्या कोरणारा एक जण,
मग गोठवलेलं दही.
हडर्सफील्डला. गोठवलेलं.
आता तिथे आंब्याच्या वासाचा धूर मिळतो.
तो वास आंब्याचा नाही.
मी देवगडची आहे, मला विचारा.

नव्याचे नऊ दिवस, असं म्हणतात आमच्याकडे,
मी ग्लेनिसला एकदा अर्थ फोडून सांगितलं.
ड्रायरमधून चादर ओढता ओढता ती म्हणाली,
नऊ महिने गं. त्याच्या आत मालक सोडत नाही.

हसले खरी, पण माझं गाठोडंही काही सोवळं नव्हतं.
याच ड्रममध्ये धुतल्या मी
दुकानातूनच गुडघ्यावर फाटून आलेल्या जीन्स,
आईने पाहिल्या असत्या तर रात्रीत रफू केल्या असत्या.
याच ड्रममध्ये योगवर्गाचे तंग कपडे,
साता समुद्रांपार येऊन, फी भरून
बाईंकडून शिकलेलं माझं शवासन.
आणि कौस्तुभच्या पॅन्टच्या खिशात राहिलेलं
ते अंड्याएवढं प्लास्टिकचं पिल्लू,
ज्याला तासातासाला बटण दाबून भरवावं लागायचं,
ते साठ अंशांवर धुतलं गेलं.
घरात तीन दिवस सुतक.
चौथ्या दिवशी त्याला भोवरे हवे होते.

घरी मशीन घेतलं त्याला वीस वर्षं झाली.
पण रजई त्यात मावत नाही.
रजई दोघांची, चढावर आणायला मी एकटी.

यंदा ग्लेनिसने काउंटरखालून बिस्किटांचा डबा काढला.
काय हरवलंय?
काही नाही.
बघ तरी.

लोकांच्या खिशांतून सांडलेला तीस वर्षांचा गाळ.
बोटावर फिरवायच्या भिंगऱ्या,
कुठल्या तरी चांगल्या कामासाठी घातलेली रबरी कडी,
एक पेजर, आटलेले मास्क,
आणि ते अंडं, पडद्यावर पाण्याचा डाग.
प्रत्येकावर साल लिहिल्यासारखं दिसत होतं.

तळाशी नुसती बटणं.
त्यांचं साल सांगता येईना.
एक तपकिरी, चार भोकांचं,
ओळखीचं वाटलं.
वाटू दिलं.

चार नंबरवरच्या कागदाचा कोपरा सुटला होता.
ग्लेनिसने नवी चिकटपट्टी लावून
अंगठ्याने नीट दाबली.
येईल तो, म्हणाली.

मी पाच नंबरमध्ये नाणं टाकलं.