पाचवा उद्गार

गुड फ्रायडेला आमच्या देवळात सात जण बोलतात,
बारा ते तीन, एकेका उद्गारावर एकेक.
यंदा पाचवा माझ्याकडे: मला तहान लागली आहे.
सोपा आहे, पाळक समुद्रे म्हणाले,
पंचगंगेकाठी पाण्यावर कुणीही बोलेल.

मी पणजोबांवर लिहिलं.
मिशनच्या आवारातली विहीर, साल एकोणीसशे चार.
जन्मभर वरून ओतलेलं ओंजळीत झेललेला माणूस;
गोऱ्या साहेबानं पोहरा त्याच्या हातात दिला, म्हणाला, ओढ.
तो म्हणे दोर धरून नुसता उभा राहिला
ऊन कलेपर्यंत.
मग ओढलं. मग नाव बदललं.
त्याच दोराला धरून वर आलो आम्ही:
माझी शाळा, माझी पेन्शन, ही मोतीबिंदू काढलेली नजर.

योहाना तिसऱ्या बाकावर बसते.
नामिबियाची, विद्यापीठात एमेस्सीला.
आडनाव कवारी, आम्ही कावेरी केलं.
नदीचं नाव आहे म्हटल्यावर हसली होती:
आमच्याकडे नद्यांतून वाळू वाहते, काका.
बुधवारी तिला कागद समजावला, माझ्या मोडक्या इंग्रजीत.
सालापाशी तिनं हात वर केला.

त्या साली आमच्या विहिरींवर जर्मन शिपाई बसले, म्हणाली.
मागे बंदुका, पुढे वाळवंट.
माणसांनी हातांनी खड्डे खणले, पुरुष-दोन पुरुष खोल,
आणि खड्ड्यांच्या कडेनंच निजली, गुरांसकट.
उरल्यासुरल्यांना बोलवायला मिशनरी आला.
आमच्या भाषेत हाक मारली त्यानं.
त्यानंच बाप्तिस्मा दिला होता पणजीच्या आईला.
ती आवाजावर आली.
छावणीत गळ्यात पत्र्याचा बिल्ला, नंबर तेवढा.

मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात,
तीस वर्षं मी रविवारच्या शाळेत शिकवलं ते.

तो उद्गार तुझ्या भाषेत म्हणशील का, मी विचारलं.
नको, म्हणाली. हाक त्याच भाषेत होती.

शुक्रवारी पंखे गरम हवा ढकलत होते.
व्यासपीठावर पाण्याचा पेला, वर बशी.
मी दोन्ही विहिरी सांगितल्या. जोडता आल्या नाहीत.
मधेच म्हणालो, काठीवर आंबेचा बोळा वर करणाऱ्या शिपायाला
बहुतेक वाटलं असेल, आपण पाजतोय.
कागदात नव्हतं हे.

बाहेर चपला शोधताना लबडेमास्तर पुटपुटले,
ज्यांनी विहीर दिली त्यांच्याच…
ते वेगळे, मी म्हटलं, आपले अमेरिकन होते.
आणि लगेच वाटलं, हे मी कुणाला सांगतोय.

विहिरीवर आता जाळी आहे, मोटर आहे.
काठाच्या दगडात दोराच्या खाचा, बोट जाईल एवढ्या.
यातली पणजोबांची कुठली, योहानानं विचारलं.
माहीत नाही.
तिनं एकेकीत बोट घालून बघितलं.
मग नळाखाली बाटली धरली.
बारीक धार. भरायला बराच वेळ लागला.