निर्मात्याचं नाव, अनिवार्य

रविवारी सकाळी विमान काखेत मारून निघालो
ते माळावर नाही,
शाहूपुरीत, अडत्याच्या काट्यावर.
गुळाच्या रव्यांशेजारी बाल्साचे पंख पसरले.
हमाल म्हणाला, "काय भाव लावायचा ह्याला?"
एक किलो तीनशे ऐंशी.
पावशेराच्या आत असतं तर निम्मी कटकट नव्हती म्हणे.
पावशेरात काय येतं?
चहापूड येते.

रात्री ऋतुजाला बसवलं.
भाचीचा अंगठा, माझा ओटीपी.
यादीत आमचा प्रकार सापडेना,
म्हणून तिनं "ड्रोन" दाबलं.
तेहतीस वर्षं जे विमान होतं
ते जेवायच्या आधी ड्रोन झालं.

अनुक्रमांक? नाही.
मॉडेल? "मामा, काहीतरी नाव असंल की."
बाबालाल त्याला म्हस म्हणायचा,
उतरताना बसकण मारतं म्हणून.
म्हस लिहिलं तिनं, इंग्रजी अक्षरांत.
चाललं.

निर्मात्याचं नाव. पुढं लाल चांदणी.
इथं अडलो.

उजवा पंख माझा, हे खरं.
फाउंड्रीला पंपाचे पॅटर्न देता देता
उरल्या वेळात फासळ्या कापल्या.
डावा बाबालाल शिकलगारचा.
उद्यमनगरात, पाळी संपल्यावर, स्वतःच्या लेथवर
चाकांचे आस काढले त्यानं सायकलच्या आऱ्यांतून,
पिस्टन दोनदा घासून बसवला,
आणि डावा पंख
माझ्यापेक्षा दोन सूत लांब केला.
भांडलो. महिनाभर एकमेकांच्या दारावरनं
मान खाली घालून गेलो.
मग उडवलं, तर सुतासारखं सरळ.
इंजिन डावीकडं कलवतं, म्हणाला,
तुझ्या कागदावर ते दिसत नाही.

त्याला जाऊन सहा वर्षं झाली.
चौकटीत नाव एकच मावतं.

नियमाशी माझं वैर नाही.
उजळाईवाडीला खरी विमानं उतरतात,
आत माणसं असतात, कुणाची तरी लेकरं.
परवा लग्नातला कॅमेरा उडवणारं पोरगं
नको तितकं वर गेलं तेव्हा
पहिला मीच ओरडलो.
आमचा माळ नकाशात पिवळा झाला,
आम्ही पुढच्या माळावर गेलो. तिथं दगड जास्त आहेत.
ठीक आहे.

ती डबी मात्र डोक्यातनं जात नाही.
अजून सक्ती नाही, येणार म्हणतात.
उडता उडता सारखी सांगत राहील:
मी अमुक नंबर, एवढ्या उंचीवर,
आणि मला उडवणारा
तो बघा, तिकडं, बाभळीखाली उभा आहे.
इतकी वर्षं रविवारी मी कुठं असतो
हे घरात कुणी विचारलं नव्हतं.

तरी सराव सुरू केलाय.
काडेपेटीत शिसं भरलं, बावीस ग्रॅम,
नाकात बसवली. तोल पुढं गेला.
शेपटीत रुपयाची दोन नाणी चिकटवली.
म्हस थोडी कुरकुरली, पण उठली.
काडेपेटी सध्या
कुणाला काही सांगत नाही.

"मामा, पान बंद पडंल. काय लिहू?"
लिही, शिकलगार बाबालाल.
"आणि मालक?"
मालक मी. पावती माझ्या नावावर येऊ दे,
दंडाचीसुद्धा.

नंबर आला तो सलग, लांबलचक,
कशाशीच न जुळणारा.
चिकटवायला जागा बघत बसलो.
उजव्या पंखावर लावला.
डावा खिडकीकडं धरला की
कागदाच्या आत, फासळीवर,
त्याची पेन्सिल अजून दिसते:

दोन सूत जादा. मुद्दाम.
घासू नये.