प्रयोग ओळखा

हेरंब वैती पत्रकाचा मजकूर घेऊन आला तेव्हा
मी मेथी निवडत बसलो होतो.
"सर, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा," म्हणाला.
आठवी ब, शेवटचा बाक, प्रयोगांत पाचपैकी दीड.
आता अख्ख्या वॉर्डाची यादी त्याच्या काखेत:
हिरवी खूण आपले, लाल खूण त्यांचे,
आणि पेन्सिलीने प्रश्नचिन्ह, ते तळ्यात-मळ्यात.
"निवडणूक या पेन्सिलवाल्यांची असते, सर.
बाकीच्यांची लग्नं लागलेली आहेत."

मजकूर होता:
आम्ही तलावाचा काठ बुजवून पदपथ केला.

चुका दोन. त्या काढल्या.
तिथे हात थांबायला हवा होता.
पण खारकर आळीजवळच्या शाळेत एकतीस वर्षं फिरलेलं लाल पेन,
त्याला सवय असते.

बुजवतात खड्डा, नाहीतर विहीर.
काठ सजवावा.
आणि कर्ता कशाला हवा दारात उभा?
कर्मणीत तो तृतीयेत जातो,
फार झालं तर घरी जातो,
कुणी चौकशी करत नाही.
"सजवला गेला."
हे 'गेला' मी मुलांच्या वह्यांतून खोडायचो,
इंग्रजाळलेलं म्हणून, अर्धा गुण कापून.
त्या दिवशी स्वतःच्या हाताने घातलं.

उरलं 'आम्ही'.
आम्ही म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर.
आपण म्हटलं की त्याच्याही हातात चहाचा कप.
इंग्रजीला ही सोय नाही, वर्गात सांगायचो,
अभिमानाने सांगायचो.

"आपला काठ सजवला गेला. चला, आपण फिरू या."

हेरंबने तीनदा वाचलं.
"पेन्सिलीला हे चालणार, सर."
दुसऱ्या दिवशी जांभळी नाक्यावरून पेढे आले.

पंधरा दिवस माझं वाक्य रिक्षातून फिरलं,
दुसऱ्याच कुणाच्या घशातून.
भोंगा 'आपन' म्हणायचा.
तो ण सुधारावा असं वाटत राहिलं मला.
तेवढंच वाटत राहिलं.

शुक्रवारी यमुना परीट इस्त्रीचे कपडे घेऊन आली.
पाच सदरे, वर घडी मोडू नये म्हणून
तेच पत्रक.
सातवीपर्यंत शिकलेली. यादीत ती पेन्सिलीतच असणार.
"सर, यातलं 'आपला' म्हणजे कुणाकुणाचा?
माझा धुण्याचा दगड उचलून नेला
तेव्हा मी नव्हते त्यात.
मग आपल्यात कधी आले?"

मी सदरे मोजले.

"आणि सजवला गेला. कुणी सजवला?"
"कर्ता अध्याहृत आहे," मी म्हणालो.
"अध्याहृत? कुठल्या बिल्डिंगीत राहतात?"

हसलो मी. ती हसली नाही.
साठ रुपये कनवटीला लावत म्हणाली,
"वाचायला मात्र गोड आहे हो.
दोनदा वाचलं. वाटलं, यांनाच द्यावं.
मग दगड आठवला.
मग परत वाचलं."

मतदान आमच्याच शाळेत, आठवी बच्या वर्गात.
फळ्यावर कुणाचातरी अर्धवट पुसलेला भागाकार.
यंत्रावर क्रियापद नसतं.
ओळीने नुसती विशेषनामं, शेजारी चित्रं,
म्हणजे वाक्य ज्याने त्याने घरून आणायचं.

यमुना माझ्या पुढे होती.
पुठ्ठ्याच्या आडोशाआड तिला वेळ लागला.
अधिकारी खाकरले. मागचे कुजबुजले.
एवढा वेळ माझ्या पेपरालाही कुणी घेतला नव्हता.
मग लांबलचक पीप.

बाहेर येताना बोट उन्हात धरून तिने शाई पाहिली,
नखाने खरवडून पाहिली,
धंद्यातल्या माणसाच्या नजरेने.
"ही धुऊन जायची नाही," म्हणाली,
मला की स्वतःला, कळलं नाही.

मग माझं नाव पुकारलं.